गव्यांचा पट्टा

केरबाचं डोकं मुळातच तापट, त्यात गव्यांचं अभयारण्य वाढत वाढत त्याच्या बांधाला येऊन भिडलं. गारगोटीच्या वर, डोंगराच्या कडेला त्याचं बेताचं रान. वडिलांपासूनची रीत अशी, की डोंगरातल्या फांद्या तोडायच्या, वाफ्यावर पसरून जाळायच्या आणि त्या राखेत नाचणीचं रोप करायचं. आता फांदीला कोयता लावायचीच बंदी. गव्याला खडा मारला तरी गार्ड दारात हजर.

"मिरची लावा, गवा तिला तोंड लावत नाही," असं एका साहेबानं सांगितलं. केरबानं लावली. गव्यांनी खरंच खाल्ली नाही. नेहमीची नाचणी हुडकत रानभर हिंडले आणि सगळी मिरची तुडवून गेले. साहेबाचं तेवढं सांगायचं राहिलं होतं!

पुढच्या साली केरबानं स्वतःचं डोकं चालवलं. फांद्या नाहीत तर नाहीत, घरच्या शेणी-गोवऱ्या जाळून त्यानं थोडं रोप केलं आणि जंगलाच्या बाजूनं नाचणीचा एक पट्टा लावला, खास गव्यांसाठी. खा आणि तिथनंच माघारी जा! गवेही शहाणे, तसंच करू लागले. मिरची लाल व्हायला लागली. तिच्यावरच घराचं वर्ष निघायचं होतं. केरबा कधी नव्हे तो शीळ घालू लागला.

आणि एका सकाळी बघतो तर मिरचीचा चिखल झालेला. पट्ट्यात नाचणीची ताटं उभी, पण कणीस एक नाही. सगळी विळ्यानं खुडलेली. गव्याला कुठला आलाय विळा?

तो तणतणत घरी आला. त्याची बायको बयाबाई जात्यावर नाचणी दळत बसली होती.

"तू कापलीस?"

"व्हय, मीच. काल सांजच्याला खुडली, रातीत मळून चुलीवर सुकवली."

"अगं, वाटोळं केलंस की! मिरची समदी गेली!"

"मग काय करू?" जातं न थांबवता बयाबाई कडाडली. "दोन वर्सं रेशनची किडकी ज्वारी गिळतोय आमी. आनि आपल्या रानातली नाचणी गव्यानं खायाची? माजी पोरं तिची चव बी इसरली!"

केरबानं ओरडायचं कुणावर? गार्ड नोकरीला बांधलेला, गवा पोटाला, आणि ही तर खरं तेच बोलत होती.

थोड्या वेळानं बयाबाईनं त्याच्यापुढं गरम भाकरी ठेवली. त्यानं ताटली ढकलली, मग परत ओढली. पहिला घास तोंडात गेला आणि त्याचे डोळे भरून आले. भाकरी गोड लागत होती, आणि त्याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला.