खांबेट्यांची सुबारू

श्रीपाद खांबेट्यांना गाडीबद्दल काही विचारायचं नाही, हा बॉन-कोलोनकडच्या मराठी मंडळींचा न लिहिलेला कायदा होता. तरी दरवर्षी गणपतीच्या जेवणात एखादा नवा पीएचडीवाला बापडा सहज बोलून जायचा, "काका, जर्मनीत राहून जपानी गाडी?" आणि मग झालंच! आजूबाजूची माणसं हातातली ताटं सांभाळत हळूच सरकायची आणि तो बिचारा कोपऱ्यात अडकायचा.

"सुबारू म्हणजे काय माहितीय? कृत्तिका! आपल्या आकाशातल्या कृत्तिका. गाडीच्या नाकावर बघ, सहा चांदण्या आहेत." इथून स्वारी सुटायची ती थेट महायुद्धाच्या वेळच्या जपानात. विमानं बनवणारा एक अवाढव्य कारखाना. युद्ध हरल्यावर विमानं बंद, कारखान्याचे तुकडे तुकडे. त्यातले पाच तुकडे पुढे पुन्हा एकत्र आले, म्हणून पाच लहान चांदण्या, आणि पाचांची मिळून झालेली सहावी मोठी. विमानं गेली, पण विमानवाल्यांची खोड जाते कुठे? आधी स्कूटर काढली, मग अंड्यासारखी इवलीशी मोटार, आणि मग ते आडवं इंजिन. पिस्टन उभे नाहीतच, दोन्ही बाजूंना आडवे, एकमेकांकडे तोंड करून.

इथे सुलेखा, त्यांची बायको, मध्ये पडायची. "दोन पोरी समोरासमोर बसून टाळ्या टाळ्या खेळतात ना, तसं. दोघींचे हात एकदम पुढे, दोघींचे एकदम मागे. कळलं? अहो, आता त्याला श्रीखंड तरी खाऊ द्या." सगळे हसायचे, श्रीपादही हसायचे आणि पोरगा सुटायचा. म्हणजे त्याला वाटायचं की सुटला. चारही चाकांना एकदम ताकद देण्याचं प्रकरण अजून बाकी असायचं. बर्फात तारा दुरुस्त करायला जाणाऱ्या वीजवाल्यांनी जीपपेक्षा बरी गाडी मागितली, त्यातून ती कशी जन्मली, आणि दाराशी इतक्या नामांकित जर्मन गाड्या असताना आयफेलच्या डोंगरातले जंगलखात्याचे लोक, शिकारी नि सुईणी हीच का घेतात, हे सगळं तो डाळ-भाताबरोबर ऐकूनच घरी जायचा.

खरी गोष्ट अशी, की गाडी श्रीपादांनी निवडलीच नव्हती. उर्जा लहान होती तेव्हा तिघं आयफेलमध्ये बर्फ बघायला गेले होते. परत येताना चढावर त्यांची छोटी गाडी जी रुतली ती रुतलीच. चाकं नुसती गरगर फिरत होती, उर्जा मागे रडत होती. तेवढ्यात चिखलाचे बूट घातलेली एक म्हातारी गुरांची डॉक्टरीण सुबारूतून आली. तिने दोर बांधला आणि विहिरीतून कळशी ओढावी तशी गाडी वर काढली. सुलेखाने तिथेच ठरवलं. घरी आल्यावर कोट काढायच्या आधी म्हणाली, "अहो, मला ही हवी." टेलिकॉम कंपनीतले श्रीपादांचे सहकारी लांबलचक काळ्या जर्मन गाड्यांतून यायचे. त्यांच्या रांगेत ही उंच, चौकोनी, चंदेरी सुबारू फॉरेस्टर उभी करायला श्रीपादांना आधी लाजच वाटली. जंगलखात्यातल्या एका माणसाकडून जुनीच घेतली होती. त्याच्या कुत्र्याचे केस शेवटपर्यंत निघाले नाहीत.

म्हणजे आवडली सुलेखाला आणि वेड लागलं श्रीपादांना. इतिहास त्यांनी नंतर वाचला, रात्रंदिवस वाचला. काचेच्या फवाऱ्यात पाणी भरणं, तेल बघणं, टायर बदलायला नेणं हे मात्र सुलेखाच करायची. श्रीपादांनी एवढ्या वर्षांत बॉनेट कधी उघडलं नव्हतं. बोलाचीच कढी!

मग सुलेखा आजारी पडली. त्या हिवाळ्यात बॉनच्या बॉयल भागातल्या घरातून निघायचं, पुलावरून ऱ्हाइन ओलांडायची आणि वेनुसबेर्गच्या चढावरून वर इस्पितळात जायचं. बर्फ असो, पाऊस असो, गाडी एकदाही घसरली नाही. सुलेखा डोळे मिटून बसायची आणि वळणावर म्हणायची, "टाळ्या टाळ्या चाललंय ना नीट?" वसंतात ती गेली.

त्याला चार वर्षं झाली. माणूस गेल्यावर घर मोठं होतं म्हणतात, पण श्रीपादांचं घर मोठं झालं नाही, नुसतं गप्प झालं. ऑफिसचं काम घरून, जेवण एका ताटाचं. उर्जा ड्युसेलडॉर्फला नोकरी करायची. रविवारी फोन करायची, श्रीपाद मराठीत बोलायचे, ती जर्मनमध्ये उत्तरं द्यायची, आणि थोड्या वेळाने दोघांकडचे शब्द संपायचे. गणपतीच्या जेवणातही आता त्यांना कुणी अडवत नसे. "पोराला खाऊ द्या" म्हणणारं माणूस नसलं की मंडळी भिडस्त होतात, मुकाट ऐकून घेतात. ते श्रीपादांना फार लागायचं. मग त्यांनी सांगायचंच सोडलं.

उरली होती ती गाडी. रविवारी दुपारी ते तिला घेऊन डोंगरात जायचे, कारण नसताना. शेजारची सीट थोडी पुढे ओढलेली होती, सुलेखा बुटकी होती म्हणून. ती त्यांनी कधी मागे केली नाही. त्या सीटशेजारी बसून चढ चढताना त्यांना एकटं वाटत नसे. बाकी सगळीकडे वाटे, अगदी भाजी घेतानासुद्धा.

आणि आता गाडीच जाणार होती. ट्यूफ, म्हणजे इथली गाडीची सक्तीची तपासणी, ऑक्टोबरअखेर संपत होती. गॅरेजवाल्याने खालून दिवा मारून दाखवलं. सांगाडा गंजला होता. "हेर खांबेटे, इंजिन अजून धावेल, पण ही पास होणार नाही," तो म्हणाला. उर्जा फोनवर म्हणाली, "पापा, फरकाउफ सी एंडलिख." विकून टाक एकदाची. जुन्या गाड्या घेऊन परदेशी पाठवणारे लोक रस्त्यातल्या गाड्यांच्या काचेत आपली कार्डं खोचून जातात. श्रीपाद इतकी वर्षं ती फाडून टाकायचे. या खेपेला एक ठेवलं. फोन उचलणारा माणूस जॉर्जियाचा होता. "आमच्या डोंगरात हिला म्हातारपण नाही," तो खुशीत म्हणाला. "सोमवारी येतो." श्रीपादांनी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, दसरा होता.

दसऱ्याला गाडीची पूजा सुलेखा करायची. इथे काही त्या दिवशी सुट्टी नसते. त्या दिवशी गाडी घरी ठेवून ट्रॅमने गेलेले श्रीपाद संध्याकाळी ऑफिसातून यायचे तेव्हा गाडीच्या नाकावर झेंडूची माळ असायची, चाकाखाली चिरडलेलं लिंबू असायचं. ते "वा!" म्हणायचे आणि वर जेवायला जायचे. ती गेल्यावर पूजा झालीच नव्हती. आता शेवटची तरी आपण करू, असं त्यांच्या मनाने घेतलं. सकाळी आंघोळ केली, सुपरमार्केटातून लिंबं आणली, झेंडू काही मिळाला नाही. देवघरातला कुंकवाचा करंडा घेतला, थोडं तेल कालवलं, रस्त्यावर गाडीसमोर उभे राहिले आणि पुण्यात वडील स्कूटरवर काढायचे तसं बॉनेटच्या मधोमध मोठं, ठसठशीत स्वस्तिक काढलं. चार टिंबंसुद्धा दिली. हात जोडले.

"हेर खांबेटे!"

शेजारच्या फ्राउ लिंडनर फाटकात उभ्या होत्या. ऐंशी पार केलेली बाई, इतक्या वर्षांची शेजारीण, आलुबुखारे पिकले की टोपलीभर दारात ठेवून जाणारी. त्यांचा हात तोंडावर होता. सायकलवरून जाणारा एक जण पाय टेकवून थांबला आणि जोरात काहीतरी ओरडून गेला. तेव्हा कुठे श्रीपादांच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपण कुठल्या देशात, कशावर, काय काढून ठेवलंय. अरे देवा! इतकी वर्षं राहून एवढी साधी गोष्ट सुचू नये? त्यांनी खिशातला रुमाल काढून घासायला सुरुवात केली. तेलातलं कुंकू आणखीच पसरलं. चंदेरी पत्र्यावर लालभडक फराटे झाले. "हे आमचं... म्हणजे शुभ... धार्मिक," ते पुटपुटत होते. साठीच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं, लाजेचं आणि कशाकशाचं.

फ्राउ लिंडनर जवळ आल्या. "मला ठाऊक आहे ते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमचं वेगळं आहे हे मला समजतं. माझ्या डोळ्यांना समजत नाही. पण तुमची बायको तर आत काढायची."

"आत? कुठे आत?"

"बॉनेटच्या आत! पहिल्या वर्षी तिने आधी माझी बेल वाजवली. म्हणाली, मला आमचं असं असं चिन्ह गाडीवर काढायचंय, तुम्हाला चालेल का? मी सरळ सांगितलं, नाही, मला रोज खिडकीतून ते बघवणार नाही. तिला राग नाही आला. म्हणाली, मग आतून काढते, गाडीला कळलं म्हणजे झालं. तेव्हापासून फुलं माझ्याच बागेतली." त्यांनी बोट दाखवलं. कुंपणाशी झेंडू फुलले होते. श्रीपाद ते वर्षानुवर्षं बघत होते आणि माळ दुकानातून येते असं समजत होते.

बॉनेट उघडायचा खटका त्यांना सापडेना. फ्राउ लिंडनरनीच सांगितलं, स्टिअरिंगखाली, डावीकडे.

वर केलेल्या पत्र्याच्या आतल्या कडेला, धुळीत नि तेलकटात, बोटाने काढलेली लहान लहान स्वस्तिकं होती. एकाशेजारी एक, काही विटकरी, काही नुसती सावलीसारखी राहिलेली. दरवर्षाचं एक. श्रीपाद मोजायला लागले आणि मध्येच थांबले. सगळ्यांत शेवटचं वेडंवाकडं होतं, त्याची एक बाजू अर्धीच होती.

"त्या वर्षी तिला उभं राहवत नव्हतं," फ्राउ लिंडनर म्हणाल्या. "मी कोपराला धरलं होतं. मध्येच म्हणाली, पुरे."

श्रीपादांना जपानमधल्या कारखान्याचे तुकडे कोणत्या साली जुळले ते पाठ होतं. स्वतःच्या दारात, दिव्याखाली, इतकी वर्षं काय चाललं होतं याचा त्यांना पत्ता नव्हता. ते फूटपाथवरच बसले आणि हुंदके देऊन रडले. फ्राउ लिंडनर आपल्याकडच्या बायांसारख्या पाठीवरून हात फिरवत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या घरात गेल्या आणि बादली नि फडकं घेऊन आल्या, आणि बाहेरचे लाल फराटे त्यांनीच पुसले. आत हात लावला नाही.

दुपारी श्रीपादांनी उर्जाला फोन केला. गुरुवार होता, म्हणून ती घाबरली. "वास इस्ट पासिअर्ट, पापा?"

"काही झालं नाही गं. मला एक सांग. आई दसऱ्याला बॉनेटच्या आत... तुला माहीत होतं?"

मग उर्जा मराठीत बोलली. अडखळत, शब्द शोधत, पण मराठीत. "मी ताट धरायची, बाबा. लहान होते तेव्हापासून."

"मग मला कधी सांगितलं का नाही कुणी?"

"आई म्हणायची, बाबांना गाडीचं सगळं सांगायला आवडतं. त्यांनी कधी विचारलं, की आपण सांगू." मग म्हणाली, "तू विचारलंच नाहीस."

खोटं काय होतं त्यात? ते म्हणाले, "उद्या जर्मन एकीकरणाची सुट्टी आहे. येतेस का? डोंगरात जाऊ. तू सांग, मी विचारतो."

ती आली. शेजारच्या सीटवर बसली, गुडघे समोर टेकत होते तरी सीट मागे केली नाही. आयफेलच्या चढावर ती अर्धं जर्मन, अर्धं मराठी बोलत राहिली. फवाऱ्याचं पाणी भरताना आई कुठलं गाणं म्हणायची, लिंबू चिरडलं की दोघी कशा टाळ्या वाजवायच्या, शेवटच्या हिवाळ्यात इस्पितळाच्या वळणावर आई डोळे का मिटायची. तिला मळमळायचं म्हणून, आणि बाबांना कळू नये म्हणून. श्रीपाद ऐकत होते. कृत्तिकांचा विषय एकदाही निघाला नाही. संध्याकाळी ती ट्रेनने परत गेली. घर पुन्हा गप्प झालं, आणि ते तसंच राहणार होतं, हेही त्यांना कळलं.

सोमवारी जॉर्जियाचा माणूस आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, इंजिन सुरू करून कान देऊन ऐकलं, समाधानाने मान हलवली. फ्राउ लिंडनर फाटकात उभ्या होत्या, हातात झेंडूची दोन फुलं घेऊन. फुलं डॅशबोर्डवर ठेवून त्या मागे सरल्या.

"आल्झो, तर मग," चावी घेताना तो माणूस म्हणाला, "गाडीबद्दल काही सांगण्यासारखं आहे का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून, मनापासून विचारत होतं. विमानांचा कारखाना, पाच लहान चांदण्या, सहावी मोठी, आडवं इंजिन, सगळं श्रीपादांच्या जिभेवर आलं.

"एकच," ते म्हणाले. "बॉनेट आतून पुसू नका."