डोळ्यावरची माशी

माझे बाबा प्राणिसंग्रहालयात मगरीच्या तळ्यावर रखवालदार होते, सव्वीस वर्षं. मगर अंगाने दांडगी आणि स्वभावाने आळशी. तासन्‌तास कट्ट्यावर पडून असायची. बाबा तिला ‘बाई’ म्हणायचे आणि आई ‘सवत’, कारण घरी आल्यावर चपला काढायच्या आधी बाबा बाईने आज काय खाल्लं ते सांगत.

बघायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले. खरी आहे की पुतळा? माणूस खाते का? वय किती? आणि दिवसातून शंभर वेळा, जिवंत आहे का? बाबांची उत्तरंही तोंडपाठ. “पुतळ्याला राखायला मला कशाला ठेवतील?” “बाईमाणसाचं वय विचारू नये.” आणि जिवंत आहे का म्हटलं, की “झोपलीय. उठली तर तुम्हीच पळाल.” कठड्यावर हशा पिकायचा. मला लहानपणी ते फार आवडायचं, पुढे कान किटले. बाबांना मात्र तो विनोद दर वेळी ताजा वाटायचा.

पुढचं मला बाबांनीच सांगितलं, आणि सांगताना स्वतःची बाजू अजिबात घेतली नाही.

शनिवार होता, गर्दी मरणाची. कठड्याच्या गजांमधून बघणारी एक सात-आठ वर्षांची मुलगी म्हणाली, “काका, तिच्या डोळ्यावर माशी बसलीय. तरी ती डोळा मिटत नाहीये.”

“झोपलीय गं. उठली तर तूच पळशील.”

सगळे हसले. बाबाही हसले. मुलगी हसली नाही. “पण डोळा उघडाय,” ती म्हणाली. तोवर बाबांनी पुढच्या माणसाला “बाईमाणसाचं वय विचारू नये” ऐकवायला घेतलं होतं. त्यांनी मान वळवून तळ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रविवारी बाईने मांसाला तोंड लावलं नाही. ती अधूनमधून असं करायची, म्हणून बाबांनी मनावर घेतलं नाही. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तळी धुतात. बाबांनी पाइपचं पाणी तिच्या पाठीवर सोडलं, मग शेपटीवर, मग तोंडावर. ती हलली नाही. पाइप तसाच वाहत ठेवून ते दवाखान्याकडे धावत सुटले.

बाई गेली होती. डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट उघडलं. आत बाटल्यांची झाकणं, नाणी, एका लहान मुलाची चप्पल. बाई जिवंत आहे का ते बघायला लोकांनी वर्षानुवर्षं फेकून मारलेलं हे सगळं.

“शनिवारी कळलं असतं तर?” बाबांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई बराच वेळ हात धूत राहिल्या. मग म्हणाल्या, “कदाचित.”

त्या ‘कदाचित’नं बाबांची झोप उडवली. अहवालात त्यांनी लिहिलं, “शनिवारी एका लहान मुलीने मला सांगितले होते. मी पाहिले नाही.” साहेबांनी बोलावून ती ओळ खोडायला सांगितली, पोरीचं कोण विचारणार आहे? मीही घरी भांडले. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं असताना स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची काय गरज होती? बाबा एवढंच म्हणाले, “ती एकटीच तिच्याकडे बघत होती गं. मी तर नुसता उत्तरं देत होतो.” सवत हा शब्द घरात पुन्हा कुणी काढला नाही.

ओळ राहिली. बाबांना तळ्यावरून काढून दारावर तिकिटं फाडायला बसवलं. तिथेही प्रश्न होताच, मगर कुठे आहे? ‘दुरुस्तीसाठी बंद’ असं सांगायचा हुकूम होता. बाबा सांगायचे, “मेली. माझं लक्ष नव्हतं.” लोक गोंधळून पुढे जायचे. मला त्या म्हाताऱ्याचा राग यायचा आणि रडूही यायचं.

चार महिन्यांनी एका रविवारी मी त्यांना डबा द्यायला गेले होते. रांगेत एक मुलगी आईचा हात धरून उभी होती. बाबांनी तिला लांबूनच ओळखलं. त्यांचा हात तिकिटावर थांबला. तिनेही ओळखलं.

“काका, मगर उठली का?”

“नाही, बाळ. ती मेली. आजारी होती. तू सांगत होतीस ते खरं होतं.”

तिने जरा विचार केला. मागची रांग कुरकुरायला लागली होती.

“मग तुम्ही का हसलात?”

मी बाबांकडे बघितलं. आता काहीतरी बोलतील, असं मला वाटलं. प्रश्न आला की त्यांचं उत्तर तयारच असायचं. पण त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

“चुकलो गं,” म्हणाले, आणि तिचं तिकीट न फाडताच तिच्या हातात दिलं.