डिंक्या आणि सुखाचा गोळा

तलावाचा अर्धा फेरा झाला तेव्हा कुठे दादाने तोंड उघडलं. तोवर तो हात मागे बांधून नुसता चालत होता, जणू तलावाची मोजणी करायला सरकारने त्यालाच नेमलंय. धाकटी बहीण त्याच्या मागे-पुढे होत चालली होती. त्याच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, आणि एकट्याने चालायला तो तयार नव्हता.

"उद्या माझा सत्कार आहे," तो म्हणाला.

"माहितीये. वहिनीचे सकाळपासून इतके फोन झालेत! तुझा कोट इस्त्री होऊन आला, तोही निरोप मिळाला."

"ज्या गोळ्यासाठी सत्कार आहे ना, तो गोळा काही कामाचा नाही गं."

धाकटी थांबली नाही. आपण थांबलो की दादा विषय बदलतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती म्हणाली, "चालत चालत सांग."

दादा एका संशोधन संस्थेत पॉलिमर रसायनाचा शास्त्रज्ञ. पॉलिमर म्हणजे काय, हे त्याने तिला एकदा समजावून सांगितलं होतं. बारीक बारीक कण हातात हात धरून लांबलचक साखळ्या करतात. त्या साखळ्या एकमेकींना नीट बांधल्या की रबर होतं, बांधायच्या राहिल्या की नुसता चिकटा. दादाचं उभं आयुष्य पाण्याच्या पाइपांचे सांधे कायमचे बंद करणारा डिंक शोधण्यात गेलं. डिंक काही सापडला नाही, पण डिंक्या हे नाव मात्र त्याला असं चिकटलं की निघता निघेना. सांधे गळत राहिले, दादाचे लेख छापून येत राहिले. "कपाटाचं दार निखळून किती दिवस झाले," वहिनी आल्यागेल्याला ऐकवायची, "आणि हे निघालेत जगाचे सांधे जोडायला!"

त्याच मजल्यावर मानसिक स्वास्थ्य संशोधनाचं खातं होतं. तिथल्या प्रमुख बाईंना सगळे सुखमॅडम म्हणत. त्या अगदी हळू आवाजात विचारत, "कसं वाटतंय तुम्हाला, अगदी आतून?" आणि उत्तर यायच्या आत पुढच्या माणसाकडे वळत. सुखाची मोजणी करायला त्यांनी प्रश्न काढले होते. आयुष्य अर्थपूर्ण वाटतं का, एक ते दहा. सकाळी उठावंसं वाटतं का, एक ते दहा. कारकून मंडळी एकमेकांना सांगत, "सात देऊन टाक रे. कमी दिलं तर समुपदेशनाला बसवतात, आणि जास्त दिलं तर काम वाढवतात." धाकटीला हे ऐकून गंमत वाटली होती. ती रोज संध्याकाळी देवापुढे दोन मिनिटं बसायची. त्याने तिच्याकडे कधी एक ते दहात उत्तर मागितलं नव्हतं.

एका मजल्यावर ही दोन खाती, आणि दोन्हींचा उपयोग काय ते मोठ्या साहेबांना कळेना. त्यांनी दोघांना बोलावून सांगितलं, "दोघं मिळून काहीतरी काढा, नाहीतर मजला रिकामा करा." दादाच्या बाटल्यांमध्ये एक फसलेला मऊ लगदा वर्षानुवर्षं पडून होता. सुखमॅडमनी तो सहज दाबून पाहिला आणि डोळे मिटले. झालं! मुठीत मावेल एवढा गोळा तयार झाला. हिशेब खात्यातल्या निम्म्या लोकांना तो दिला, निम्म्यांना दिला नाही. काम करता करता दाबायचा, मनावरचं ओझं उतरेल. महिन्याभराने सुख मोजलं, तर गोळेवाल्यांचं भरभरून वाढलेलं. बाकीचे होते तिथेच. सुखमॅडमनी दादाचा हात हातात घेऊन सांगितलं, "तुमच्या रसायनाला माणसाचं मन कळतं हो!"

"तेव्हा तर तू पेढे वाटल्यासारखा फोन केला होतास मला," धाकटी म्हणाली.

"केला होता. पण गोळा चिकटत होता ना! हाताची ऊब लागली की आतल्या सुट्या साखळ्या वर यायच्या. तळहात असा चिकचिकायचा की कागद उचलला तर कागदच सोबत यायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या हातून असला माल?"

मग कुणी न सांगता दादाने गोळा सुधारला. साखळ्या नीट बांधल्या, रविवारीसुद्धा प्रयोगशाळेत बसला. नवा गोळा कोरडा, लुसलुशीत, हाताला नावालाही डाग नाही. जन्मात पहिल्यांदा त्याच्या हातून एखादी वस्तू जशी हवी तशी उतरली होती. ती त्याने हिशेब खात्यात वाटली, आणि पुढच्या मोजणीत गोळेवाल्यांचं सुख धाडकन खाली आलं.

"सुखमॅडम काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आनंदाची सवय होते, मग तो जाणवत नाही, हे आमच्या शास्त्रात आहेच."

"आणि वाढलं असतं तर?"

"तेही त्यांच्या शास्त्रात असतंच."

धाकटी फस्सकन हसली. दादा हसला नाही. तो पुढे सांगू लागला. त्याला चैन पडेना, म्हणून तो स्वतः हिशेब खात्यात गेला आणि तिथल्या सगळ्यात जुन्या बाईंना विचारलं, "बाई, नवा गोळा कसा आहे?"

"चांगलाय हो बिचारा," बाई म्हणाल्या, गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तशा. "काही म्हणजे काही त्रास देत नाही."

"मग?"

"मग काय! बसा जागेवर. आधी कसं, हात चिकट झाले की उठायला मिळायचं. आमचा हेडक्लार्कच ओरडायचा, फायली खराब करू नका, आधी हात धुऊन या. तुम्हाला सांगते, त्या नळावर दिवसातून किती वेळा जाणं व्हायचं! जावकवाल्या बाईंच्या सुनेचं काय झालं, ते अर्धवटच राहिलं बघा."

बोळाच्या टोकाला एकच बेसिन, त्याला एकच नळ, आणि त्याला करंगळीएवढी धार. त्यामुळे रांग लागायची. रांगेत कुणाचं गुडघेदुखीचं औषध निघायचं, कुणाच्या जावयाचा उद्धार व्हायचा, मोठ्या साहेबांच्या चालण्याची नक्कल व्हायची. दादा त्या नळापाशी जाऊन उभा राहिला. कोरडं बेसिन, साबणाची वाळलेली वडी, आणि चिटपाखरू नाही. आपण काय केलं ते त्याला तिथे कळलं.

"मग सांगितलंस का कुणाला?"

"सांगायला गेलो होतो. सुखमॅडम म्हणाल्या, दुसरी मोजणी आपण अहवालात घेतच नाही आहोत, तुम्ही फक्त गोळा पहिल्यासारखा करून द्या. सगळ्या सरकारी कचेऱ्यांत जाणार आहे आता तो."

"म्हणजे मुद्दाम चिकट?"

"मुद्दाम बिघडवून. माझ्या नावावर." दादाने चालण्याचा वेग वाढवला. "आणि पुढचं ऐक. मोठे साहेब परवा बोळातून गेले. त्यांना कुणीतरी सांगितलं की इथे माणसं उभी राहायची. लगेच हुकूम निघाला. वेळेचा अपव्यय, पाण्याचा अपव्यय, बेसिन काढून टाका. प्रत्येक टेबलावर ओल्या कागदांचं पाकीट ठेवणार आहेत. जागेवरच दाबा, जागेवरच पुसा."

एवढी शिकलेली माणसं एकत्र बसून असं करू शकतात, हे काही धाकटीला नवं नव्हतं. शाळेत मास्तरकी करण्यात तिची हयात गेली होती. पण आपल्या दादाने त्यांच्यात कोट घालून उभं राहायचं, हे तिच्या घशाखाली उतरेना.

"मग उद्या बोल ना. सगळे समोर असणार. सांग, गोळ्याने काही होत नाही, तो नळ ठेवा म्हणावं."

"तुझं काय जातंय बोलायला!" तो उसळला. "मला खातेप्रमुख करतायत. खिडकी असलेली खोली देतायत. सगळी नोकरी मी त्या कोठाराशेजारच्या खुराड्यात काढली. पुढच्या वर्षी घरी बसणार. तुझ्या वहिनीने माहेरी सगळ्यांना कळवून टाकलंय. आणि मी उभा राहून सांगू, की बाबांनो, माझा डिंक जिथे चिकटायला हवा होता तिथे कधी चिकटला नाही, आणि चिकटला तो चुकून? त्याहूनही चुकून लोक खूश झाले?"

"झाले ना पण?"

"नळामुळे झाले!"

"मग नळ वाचव."

"असं म्हणायला फार सोपं असतं, मास्तरीणबाई."

देवाचं नाव धाकटीच्या ओठांवर आलं होतं, पण दादापुढे ते उच्चारलं की तो लगेच पुरावा मागतो, म्हणून तिने ते मनातच घेतलं. पाण्याच्या कडेने कुणी कुत्र्याला फिरवत होतं. दादा एकदा "हं" म्हणाला. त्याच्या मनात काय चाललंय ते तिला दिसत होतं. तो मनातल्या मनात भाषण करत होता; आधी आभाराचं, मग नळाचं.

तलावाच्या फाटकाशी त्यांच्या वाटा वेगळ्या होत. तिथे दादा थांबला. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत राहिला, म्हणजे तिच्याकडे बघायला नको.

"मी ठरवलंय, बोलायचं," तो म्हणाला. "पण मला माझी खात्री नाही. ते टाळ्या वाजवायला लागले, सुखमॅडमनी माझा हात धरला, की माझं काय होतं ते मला माहितीये. मी आभार मानायला लागतो."

"मग?"

"मग तू असं कर. उद्या मागे बसू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बस, मधल्या वाटेलगत, मला दिसशील अशी. आणि मी आभार मानायला सुरुवात केली ना, की उठ आणि सरळ दाराकडे चालायला लाग. दबक्या पावलांनी नको. खुर्ची वाजू दे. वहिनीने हात धरला तरी थांबू नकोस. एवढं करशील का माझ्यासाठी?"