खूण पटल्याशिवाय

धानखरेदीचा पहिला दिवस. चामोर्शीच्या आमच्या सोसायटीत अध्यक्ष, हिशेब बघणारा मी आणि कॉम्प्युटरवाले भाई हजर होतो. वजनात कोणी फेरफार करू नये म्हणून भाईंनी सगळा प्रोग्राम आतल्या मुख्य मशीनवर ठेवला होता. तिथून आलेल्या प्रोग्रामवरची भाईंनी घातलेली खूण पटली, तरच बाहेरचे वजनकाट्यांचे कॉम्प्युटर सुरू होत. आज एकही सुरू होईना.

“ते तपासणी काढून टाका ना, भाई! लोकं बोंबलून राह्यले बाहेर,” अध्यक्ष म्हणाले.

भाई नेहमीसारखे आधी चष्मा पुसत बसले. “अनोळखी माणसाले गोदामात घेता का तुमी? मंग मशीन काऊन घेईन?”

रात्री वीज गेल्याने मुख्य मशीनवरचा प्रोग्राम बिघडला होता, म्हणून खूण पटत नव्हती. तो काढून भाईंनी नवा चढवला. दुपारी कॉम्प्युटर सुरू झाले.

“उशीर माह्या मशीननं केला,” म्हणत रांगेतल्या सगळ्यांच्या चहाचे पैसे भाईंनी टपरीवाल्या बाईंना दिले.