तो आधी फोन लावून पाहतो

आर्णीत माझं गादी-रजईचं दुकान आहे. समोर एका ओळखीच्याचं झेरॉक्सचं. तिथंच तो वेबसाइटही बनवून देतो. कापसाचा भाव पडला, शेतकऱ्यांच्या हाती पैसा उरला नाही, गावात नवी रजई कोणी भरून घेईना, तेव्हा ऑनलाइन जाहिरात करून बाहेरगावी माल विकावा म्हणून मी त्याच्याकडे गेलो.

"साइट कोणाच्या सर्व्हरवर ठेवाची, ते आधी ठरवू," म्हणत त्यानं कागदावर तीन होस्टिंग कंपन्यांची नावं लिहिली.

"यात स्वस्त कोणती?" मी विचारलं.

प्रश्न आवडला नाही की तो चष्मा कपाळावर चढवतो. आताही चढवला. पहिल्या कंपनीला फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि कोणाच्या तरी सातबाऱ्याचं झेरॉक्स काढू लागला. फोनमध्ये नुसतंच गाणं वाजत राहिलं. त्यानं नाव खोडलं. दुसरीनं "मागून फोन करतो" म्हटलं. तेही खोडलं. तिसरीकडे एका बाईनं लगेच उचलला.

"मॅडम, साइट बंद हाय."

"कोणती साइट, सर?"

"अजून बनवली नाही. तुमी उचलता का, ते पाहून राह्यलो होतो."

तीच कंपनी घेतली.

जाहिरात सुरू होऊन आठवडा झाला, तरी एक ऑर्डर नाही. दुपारी दुकान बंद करून मी तक्रार घेऊन गेलो. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि साइटवरचा नंबर लावला. रस्त्यापलीकडे माझ्या कुलूपबंद दुकानात फोन वाजू लागला. आम्ही दोघंही ऐकत राहिलो.

मग त्यानं तोच कागद काढला, चौथ्या ओळीत माझ्या दुकानाचं नाव लिहिलं आणि पेन टेकवून थांबला.

"खोडू का, भाऊ? की धावत जाऊन उचलता?"