सुगंधाच्या झिऱ्याची वाळू

बोरिवलीच्या पूर्वेला दहिसर नदीच्या वळणावर सुगंधाचा भाजीचा पट्टा होता. कागदावर तो तिचा नव्हता. जो लावेल त्याचा, असा काठावरचा रिवाज. पावसात नदी गाळ आणून टाकी, त्यावर सुगंधा मुळा, माठ, अळू काढी आणि स्टेशनाबाहेर विकी. नवरा धाकू आरेच्या तबेल्यात कामाला होता.

उन्हाळ्यात नदी आटली की बायका पात्रातल्या वाळूत खड्डा खणत. तो झिरा, त्यात वाळूतून गाळलेलं पाणी साचतं. सुगंधाचा झिरा सगळ्यांत नितळ. समोरच्या काठावरची मालनही तिथून हंडा भरून न्यायची, आणि सुगंधाला ते फार बरं वाटे.

शहाऐंशी साली आजूबाजूला इमारती उठू लागल्या आणि वाळूचे ट्रक पात्रात उतरले. मालनच्या नवऱ्याने, खंडूने, आपल्या बाजूची वाळू उचलू दिली. वर्षभरात मालनच्या घराला कोबा झाला, मग टीव्ही आला. रविवारी सिनेमाला अख्खी वस्ती तिच्या दारात. सुगंधा जात नसे. घरात बसून तिला गाणी तेवढी ऐकू येत, गोष्ट कळत नसे.

आपणही वाळू द्यावी, असं तिने धाकूला सुचवून पाहिलं. तो म्हणाला, "तेंच्या काठाक नदी भर घालता, आपलो काठ कापता. पायाची वाळू गेली की काठ ऱ्हवाचो नाय."

तिने विषय सोडला. पण एके सकाळी झिऱ्यावर असताना पलीकडे मालनच्या दारात चहा पीत वाळूच्या ट्रकांचा मुकादम नंदकिशोर बोलताना तिने ऐकलं, की मालनकडच्यासारखी वाळू या नदीत नाही. सुगंधाने हंडा खाली ठेवला, कोपरापर्यंत हात झिऱ्यात घातला आणि मूठ भरून त्याच्यापुढे नेली.

"ही बघा. तिच्या वाळूत निम्मी माती. हिच्यात शोधून दाखवा."

नंदकिशोरने वाळू तळव्यावर चोळली. मातीचा डाग उठला नाही. "झकास," तो म्हणाला. दारात उभ्या मालनचा चेहरा पडला. सुगंधाला हवं होतं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी ट्रक तिच्या काठाखाली उभा. नंदकिशोर विचारायला आला, तेव्हा मालन पलीकडून बघत होती. नाही म्हणावं तर नुसत्या तोंडच्या बाता ठरल्या असत्या.

"घ्या," सुगंधा म्हणाली.

संध्याकाळी धाकूने कडेचे अळूचे गड्डे उपटून आत लावले.

उन्हाळा संपेतो झिऱ्याच्या जागी खोल खड्डा झाला होता. पावसात नदी त्या खड्ड्यात शिरली आणि सुगंधाचा काठ खाली पोखरू लागली. आधी मुळ्याचे वाफे गेले, मग धाकूने आत लावलेलं अळूही. पाणी ओसरलं तेव्हा नदी तिच्या पट्ट्यावरून वाहत होती आणि मालनच्या दारापुढे गाळाची नवी, काळीभोर पट्टी पडली होती.

गणपतीनंतर मालन आली. "अर्धी पट्टी तू लाव गं. माती तुझीच वाहून आलीय." ती मनापासून बोलत होती, आणि सुगंधाला तेच झोंबलं.

"माझ्याच मातीत मला वाटेकरी करतेस होय?"

धाकूने कुदळ आणून सुगंधाच्या हातात दिली. ती घेऊन सुगंधा पलीकडे गेली. मालनने मध्ये सुंभाची दोरी बांधून दोन वाटे केले आणि पाण्याजवळचा, चांगला वाटा सुगंधाला दिला.

दोघींचं अळू फोफावलं. खुरपताना सुगंधाची नजर सुंभापलीकडे जाई; मालनची पानं मोठी वाटत. एकदा धाकूने दोन्हीकडचं एकेक पान खुडून एकावर एक ठेवून दाखवलं. सारखी होती.

"तू तिचं लहान बघून खुडलंस," सुगंधा म्हणाली.