कड्यावरच्या माणसाचा चेहरा

प्रश्न असा होता: कडा चढणाऱ्या माणसाचे छायाचित्र चांगले केव्हा म्हणावे, तो ओळखू येतो तेव्हा, की तो चढताना दिसतो तेव्हा? मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवीत असे. प्रश्न आधी नीट मांडावा आणि मगच प्रयोगाला हात घालावा, ही सवय फळ्याने लावलेली. उत्तर मला सापडले. त्याचा फायदा मात्र भलत्याच माणसाला झाला.

गावोगावी एसटीडीचे पिवळे फलक लागत होते आणि बीडला रंगीत फोटो धुऊन देणारी लॅब आली होती, त्या काळातली ही गोष्ट. परिसरातल्या एका पुढाऱ्याने नवे महाविद्यालय काढले आणि तिथे साहसी खेळांचा शिक्षक नेमणार असल्याचे जाहीर केले. अर्जासोबत प्रत्यक्ष चढाईचे छायाचित्र मागितले होते. चौसाळ्यातल्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा, माझा जुना विद्यार्थी, माझ्याजवळ कॅमेरा आहे म्हणून माझ्याकडे आला. पुण्याकडे जाऊन त्याने प्रस्तरारोहणाचे रीतसर शिक्षण घेतले होते. "सर, ही नोकरी न्हाई मिळाली तर अण्णा मला गादीवर बसवणार. मग साखर तोलायची जलमभर." त्याला दुसरे काही येत नव्हते असे नाही. त्याला दुसरे काही नको होते.

लिंबागणेशच्या पलीकडे बालाघाटाच्या डोंगरात एक काळा कडा आहे. त्याचा चुलतभाऊ माथ्यावर बसून दोर सांभाळायचा आणि मी खाली कॅमेरा घेऊन उभा राहायचो. पहिला रोल पूर्ण वाया गेला. खालून काढलेल्या फोटोत चढणारा आखूड दिसतो. तो स्वतःच म्हणाला, "सर, ह्यात नुसतं बूडच आलंय की!"

दुसरी अडचण याहून मोठी होती. आमच्याकडे फोटो म्हणजे स्टुडिओतला फोटो. मान सरळ, नजर कॅमेऱ्याकडे, दोन्ही कान दिसले पाहिजेत. मी कॅमेरा डोळ्याला लावला की हा कड्यावर थांबे, दोन्ही पाय पक्क्या खाचेत रोवी, खिशातून कंगवा काढून भांग पाडी आणि वळून हसे.

वरून चुलतभाऊ ओरडे, "बे, लग्नाला चाललास का कड्याला?"

"फोटू निघायलाय, गप बस!"

ही चित्रे स्पष्ट होती, पण त्यांत चढाई नव्हती. फळीवर उभे करून फोटो काढावा तसा तो त्यांत दिसे.

मग मी पद्धत बदलली. ज्यांना असे फोटो काढायचे असतील, त्यांच्यासाठी ती लिहून ठेवतो. खालची जागा सोडावी. बाजूला चढून, चढणाऱ्याच्या उंचीवर किंवा किंचित वर बसावे, म्हणजे त्याच्या पायाखालची पोकळी चित्रात येते. कडा पूर्वेकडे तोंड करून असेल तर सकाळीच जावे. तिरप्या उन्हात खडकाची प्रत्येक खाच उठून दिसते. दुपारी तोच खडक सपाट भिंत होतो. प्रकाश आकाशावरून मोजू नये, खडकावरून मोजावा, नाहीतर माणूस काळी सावली होतो. सर्वांत अवघड जागा त्यालाच विचारावी आणि भिंग तिथे आधीच जुळवून ठेवावे. हात पकडीवर पोचल्यावर कळ दाबली तर उशीर झालेला असतो. हात निघाला, की दाबावी. कॅमेरा तिरका धरून कडा आहे त्याहून उभा दाखवू नये, ती लबाडी आहे. आणि चढणाऱ्याला हाक मारू नये.

एकच गोष्ट मला खटकत होती. तो लिंगायत होता आणि गळ्यातले इष्टलिंग पांढऱ्या कापडात बांधून घालत असे. चढताना ते खडकाला घासू नये म्हणून दोरा फिरवून पाठीवर घेई. काळ्या कड्यावर तो पांढरा ठिपका नजर ओढून घेत होता. मी म्हणालो, "फोटोपुरते काढून ठेव."

"ते न्हाई काढायचं, सर. ते जिवासंगं."

मी पुन्हा विषय काढला नाही.

या पद्धतीने एका सकाळी निघालेले चित्र मी आजही चांगले म्हणेन. डावा पाय बोटभर कंगोऱ्यावर, उजवा हात हवेत, सारे अंग ताणलेले, तोंड खडकाकडे. त्याने ते बराच वेळ पाहिले. "ह्यात मी दिसत न्हाई, सर." मी म्हणालो, "यात तुझे काम दिसते." अर्जाला तेच जोडले.

नेमणूक पुढाऱ्याच्या पुतण्याची झाली. त्याचे आम्हाला फारसे आश्चर्य वाटले नाही. पुढे महाविद्यालयाची रंगीत माहितीपुस्तिका निघाली. मधल्या पानभर माझे चित्र होते आणि खाली पुतण्याचे नाव.

आम्ही दोघे प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला. मी निगेटिव्ह पुढे ठेवली.

"गुरुजी, निगेटिव तुमची आसंल. माणूस तुमचा कशावरून? चेहरा कुठं हाय?"

मी आधीचे, वळून हसणारे फोटो पिशवीतून बाहेर काढले. कडा तोच, सदरा तोच, चेहरा समोर.

प्राचार्य हसले. "हा तर भांग पाडून उभा हाय! ह्याला चढणं म्हणत्यात का?"

मी पाठीवरच्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवले आणि पुतण्याच्या घरात हे कोणी घालत नाही, एवढेच सांगितले. त्यांनी पुस्तिका खिडकीशी नेली, उजेडात धरली आणि परत टेबलावर ठेवली. "छपाईचा डाग हाय तो. चहा घ्या, निवतोय."

माझ्या विद्यार्थ्याने चहा घेतला नाही. आम्ही एसटीने निघालो. नेकनूर आल्यावर तो म्हणाला, "काढून ठिवलं आसतं, तर तेवढा डागबी न्हाई राहिला आसता." त्यानंतर तो कड्याकडे गेला नाही. दोर कित्येक वर्षे दुकानात पोती बांधायला वापरला गेला. मी चौसाळ्याला उतरलो की तो गादीवरून उठून मला साखरेच्या पोत्यावर बसवतो, गिऱ्हाइकांना "आमचे सर" म्हणून सांगतो, आणि फोटोचा विषय निघाला की तराजूकडे बघतो.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर बदललेले नाही. चढताना दिसतो, तेच चित्र चांगले. पण माझ्या शब्दावर विसंबू नये. ती पुस्तिका जिल्ह्यातल्या अनेक शाळांना वाटली होती. एखाद्या कपाटात अजून असेल. मधले पान उघडावे, पाठीवरच्या पांढऱ्या ठिपक्यावर भिंग धरावे, आणि त्यातून निघून खांद्यावरून पुढे गेलेला दोरा दिसतो की नाही, हे कृपया आपण स्वतः तपासून पाहावे.